तिथी आणि रजा

राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवर मे महिना हा आंब्याचा, लग्नांचा आणि चाकरमान्यांचा महिना असतो. अर्जुना नदीची खाडी समुद्राला मिळते तेथे उत्तरेच्या काठावर नाटे गाव वसले आहे. जवळच यशवंतगड, पुढे आंबोळगड व मुसाकाजीचे बंदर, आणि समोरच्या तीरावर जैतापूर. लगतचे साखरीनाटे हे मच्छीमारांचे गाव. महाराष्ट्रातील वाचकांना हा मुलूख नकाशावर सापडला तो बहुधा २०११ सालच्या अणुऊर्जा प्रकल्पविरोधी आंदोलनामुळे. याच मुलखातील, किंबहुना साऱ्या दक्षिण कोकणातील बौद्धवाड्यांतून दर वर्षी मे महिन्यात एक समारंभ होत असतो. त्याची वार्ता जिल्हा पत्रांच्या आतल्या पानापलीकडे सहसा जात नाही. 'भगवान गौतम बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा संयुक्त जयंती महोत्सव' असे त्याचे लांबलचक नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असते.

हे नाव क्षणभर विचारात घेण्याजोगे आहे. दोन जयंत्या, आणि त्याही दोन वेगळ्या कालगणनांतल्या. बाबासाहेबांचा जन्मदिवस इंग्रजी तारखेने १४ एप्रिलला येतो. बुद्धाचा जन्म, त्याची ज्ञानप्राप्ती व महापरिनिर्वाण ही तिन्ही परंपरेने वैशाख पौर्णिमेची मानली जातात. आणि पौर्णिमा तर दर वर्षी जागा बदलते. २०२३ साली ती ५ मे रोजी आली, २०२४ साली २३ मे रोजी आणि २०२५ साली १२ मे रोजी. कोकणातील संयुक्त महोत्सव पुष्कळदा या दोन्ही दिवशी होत नाही. शाळांच्या परीक्षा आटोपल्या, मुंबईच्या कचेऱ्यांतून रजा मंजूर झाल्या, गाडीचे आरक्षण मिळाले, वाडीतील एकदोन लग्नांचे दिवस ठरले, की मग या सर्वांच्या अधेमधे जे दोनतीन दिवस मोकळे सापडतात ते महोत्सवाचे दिवस ठरतात. तिथीवर येथे रजेचा अंमल चालतो.

काटेकोर वृत्तीच्या माणसाला हे खटकते. पौर्णिमा ती पौर्णिमा, तिची सोय कशी पाहायची, असा त्याचा प्रश्न असतो. परंतु ही सोय कशातून उत्पन्न झाली हे पाहू गेल्यास त्यामागे एका समाजाने स्वतःच्या हाताने नवे पंचांग घडविल्याचा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास अजून पुरा झालेला नाही.

धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा देवदेवतांच्या अंगाने होते. घरातील देव्हारे उठले, टाक व मूर्ती पाण्यात सोडल्या गेल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली, एवढे सर्वांच्या ध्यानात राहिले. त्याबरोबर वर्षाचा सारा क्रम सुटला, ही गोष्ट तितकीशी ध्यानात आली नाही. कोकणातील गाव हे शेतीइतकेच सणांनी बांधलेले असते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, होळी उभी राहते, गावपळण किंवा देवाचा कौल असतो, भाद्रपदात गणपती येतो. या प्रत्येक प्रसंगी गावातील प्रत्येक जातीला नेमून दिलेले काम होते आणि त्या कामालाच 'मान' हे नाव होते. पूर्वाश्रमीच्या महार समाजाच्या वाट्याला आलेल्या मानाचे स्वरूप गावागणिक निराळे असे. मूळ मात्र एकच. दवंडी देणे, मर्तिकाची वर्दी पोचविणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी अंमलदाराच्या पुढे धावणे ही जी वर्षभराची राबणूक, तिचाच सणाच्या दिवशीचा अवतार म्हणजे तो मान. मान होता, परंतु देवळाच्या पायरीखालचा.

यातील राबणुकीला कायद्याने हात घातला. खोतीविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कोकणातील कुळे होती. पुढे १९४९ च्या अधिनियमाने खोती गेली आणि १९५८ च्या अधिनियमाने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. मानाला मात्र कोणताही कायदा शिवू शकत नव्हता. तो ज्याचा त्यानेच टाकावयाचा होता, आणि धर्मांतरानंतर तो टाकला गेला. पालखीच्या वाटेवरून एक वाडी बाजूला झाली. तिचे शिमगा, दसरा, दिवाळी हे सारे दिवस कोरे झाले. गावकीने याचा राग धरला, काही ठिकाणी कामधंद्यावर आणि मजुरीवर त्याचे परिणाम झाले. परंतु त्या वर्षांत वाडीतल्या वाडीतही एक पोकळी जाणवली असली पाहिजे. ढोल शेजारच्या वाडीत वाजतो आहे आणि आपल्या मुलांना घरात बसवायचे आहे, हे व्रत सोपे नव्हे. सण हा लहान मुलाला सिद्धान्ताने समजावून देता येत नाही.

ही पोकळी मुंबईने भरली, असे म्हणण्यास आधार आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस आधी लष्करात, नंतर गिरणीत, गोदीत, रेल्वेत व नगरपालिकेत पोटासाठी गेला. गिरण्यांतील विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे. तेव्हा कमी पगाराची खातीच त्यांच्या वाट्याला आली. परंतु नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथील चाळींतून त्यांना सभा भेटल्या, वर्तमानपत्रे भेटली, बाबासाहेब प्रत्यक्ष दिसले. २४ मे १९५६ रोजी, बुद्धजयंतीच्या निमित्ताने, परळच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी आपण येत्या ऑक्टोबरात बौद्ध धर्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. त्या समुदायात कोकणचा माणूस मोठ्या संख्येने होता हे सांगावयास नको. तोच पुढे एस. टी. ने आणि बोटीने गावी गेला, आणि त्याच्याबरोबर धर्मही गावी गेला. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. आकड्यांनी बोलणाऱ्यांना यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ६५ लाखांवर गेली.

धर्म चाकरमान्याबरोबर आला म्हणूनच सणही चाकरमान्याच्या सवडीने बसला. कोकणातील प्रत्येक बौद्धवाडीची दोन अंगे असतात, गावची शाखा आणि मुंबईची शाखा. बौद्धजन पंचायत समितीच्या छायेखाली असोत किंवा स्वतंत्र मंडळे म्हणून असोत, या मुंबई शाखांची महिन्याची वर्गणी, सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाची वही हा सारा कारभार कारकुनी नेकीने चालतो. नोकरीत राहून जे शिकले ते त्यांनी मंडळात उतरविले. गावातल्या समाजमंदिराची किंवा विहाराची कौले बदलून स्लॅब पडली ती या वर्गणीतून. काही ठिकाणी दलित वस्ती सुधार योजनेचा निधी मिळाला, काही ठिकाणी मिळूनही अडला. विहाराच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी असते आणि तीत देणगीदारांची नावे रकमेसह कोरलेली असतात. निवृत्त शिपायाने दिलेली रक्कम आणि कचेरीतील अधीक्षकाने दिलेली रक्कम एकाखाली एक वाचावयास मिळतात.

या पाट्यांना हसणारे लोक आहेत. त्यांनी रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेणी पाहावीत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या लेण्यांतील शिलालेखांत कोणी माळी, कोणी वैद्य, कोणी लोखंडाचा व्यापारी यांची दाने नोंदलेली आहेत, आणि महाभोजांच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या एका लेखकाच्या, म्हणजे आजच्या भाषेत लेखनिकाच्या, धाकट्या भावाचेही नाव तेथे आहे. कोकणचा बौद्ध धर्म त्याही वेळी राजांच्या देणग्यांइतकाच अशा मध्यम ऐपतीच्या माणसांनी पोसला होता. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी, महाडजवळील गांधारपाले, ही सारी त्याच रांगेतली स्थळे. मधल्या कित्येक शतकांत ती परंपरा तुटली आणि वाडीतल्या माणसाला तिची आठवण राहिली नाही. पाटीवर नाव कोरण्याची बुद्धी मात्र तीच आहे.

महोत्सवाचे स्वरूप बाहेरून पाहता साधे असते. सकाळी पंचरंगी धम्मध्वज चढतो. पांढरी साडी नेसलेल्या स्त्रिया आणि पांढऱ्या सदऱ्यातले पुरुष ओळीने बसतात, मेणबत्त्या व अगरबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. त्यानंतर प्रवचन, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वह्यावाटप, दुपारी भोजन, खीर, मुलांचे खेळ, संध्याकाळी मिरवणूक आणि रात्री भीमगीतांचा कार्यक्रम किंवा वाडीतल्याच पोरांनी बसविलेले नाटक. मिरवणूक गावाच्या सरळ रस्त्याने, ग्रामदेवतेच्या देवळावरून जाते तेव्हा तिच्यामागे काय इतिहास आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती साधी मिरवणूक वाटत नाही. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता.

या समारंभात भिक्षू बहुधा नसतो. आलाच तर मुंबईहून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून निमंत्रण देऊन आणलेला असतो. एरवी नामकरण, विवाह, पुण्यानुमोदन आणि वंदना हे सर्व विधी बौद्धाचार्य पार पाडतो, आणि बौद्धाचार्य म्हणजे भारतीय बौद्ध महासभेने किंवा एखाद्या पंचायत समितीने शिकवून तयार केलेला गृहस्थ. तो पोस्टात नोकरी करीत असतो किंवा शाळेत शिकवीत असतो, त्याला बायकामुले असतात, भाताचे चार कोपरे असतात. श्रीलंकेच्या वा ब्रह्मदेशाच्या बौद्धाला ही व्यवस्था चमत्कारिक वाटेल. परंतु नागपूरच्या दीक्षेतच तिचे बीज आहे. बाबासाहेबांनी स्वतः भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर समोरच्या लाखोंना दीक्षा दिली ती त्यांनी, एका गृहस्थाने. भिक्षू हा केवळ स्वतःपुरता पूर्णपुरुष व्हावा की समाजाचा सेवक व्हावा, हा प्रश्न त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारून ठेवला आहे. कोकणातील वाडीने त्याचे उत्तर तत्त्वचर्चेतून दिले नाही. भिक्षू मिळेना म्हणून शिक्षक उभा केला, इतकेच.

मेच्या महोत्सवाविषयी तक्रारी करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्या वाडीतले लोकच करतात. निमंत्रणपत्रिकेवर पन्नाससाठ नावे असतात आणि त्यांच्या क्रमावरून जी भांडणे होतात त्यांतील काही पुढच्या महोत्सवापर्यंत टिकतात. मंडपाचा, ध्वनिक्षेपकाचा खर्च दर वर्षी चढतो. आमदार-खासदारांच्या वाटेकडे डोळे लावून वंदनेची वेळ टळते. मुंबई शाखा पैसा देते म्हणून निर्णयही तीच करू पाहते, आणि उरलेले अकरा महिने विहार झाडणाऱ्या गावच्या माणसाला 'तुम्हाला काय कळते' हे ऐकून घ्यावे लागते. हे दोष किरकोळ नाहीत. तरीही ते जिवंतपणाचे दोष आहेत. भांडावयाला माणसे येतात तोवर मंडळ चालू असते.

काळजीची गोष्ट निराळीच आहे. ज्या रजेवर हे पंचांग उभे राहिले ती रजाच आता आखडत चालली आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चाळीतल्या खोल्या विकून लोक कल्याण, विरार, नालासोपारा येथे पांगले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तेव्हा गाव जवळ आले असे वाटले, आणि ते आलेही. परंतु सोपे झालेले येणे आखूडही झाले. पूर्वी जैतापूरच्या धक्क्यावर बोटीतून उतरणारे कुटुंब महिनाभर राहत असे. आजचा तरुण शुक्रवारी रात्री निघतो आणि रविवारी रात्री परततो. खासगी नोकरीत मे महिन्याची रजा हा हक्क नव्हे, मेहेरबानी आहे. तिसऱ्या पिढीचा मुलगा गावच्या महोत्सवाला येतो खरा, पण वाडीतल्या कोणत्या घराशी आपले काय नाते, हे त्याला आजीला विचारावे लागते. इकडे गावातली घरेही कुलपात जात आहेत. महोत्सवाच्या तीन दिवसांत भरलेला विहार उरलेल्या दिवसांत पाहिला तर कित्येक ठिकाणी त्याच्या ओटीवर भाताच्या पेंढ्या आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या दिसतात.

म्हणून प्रश्न मेचा नाही, आषाढाचा आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ हा बौद्ध परंपरेतील वर्षावास. याची मूळ कथा विनयग्रंथात आली आहे आणि ती कोकणच्या माणसाला विशेष समजावी अशी आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरत राहतात, कोवळे अंकुर आणि लहान जीव पायांखाली तुडवितात, अशी तक्रार लोकांनी केली. तेव्हा बुद्धाने पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. तरव्यातून कोणी चालत गेले तर काय वाटते, हे रत्नागिरी जिल्ह्यात समजावून सांगावे लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथे पडतो तेथे हे तीन महिने तसेही माणसाला एका जागी बसवितात. बोटी बंद होत, वहाळ भरून वाटा तुटत, मुंबईचा माणूस येत नसे.

याच नियमात आणखी एक बारकावा आहे. आषाढ पौर्णिमेला ज्याला वर्षावास सुरू करता आला नाही त्याला महिनाभराने तो सुरू करण्याची मुभा विनयाने दिली आहे. उशिरा येणाऱ्याची सोय अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमानेही पाहिली होती. तेव्हा मेच्या महोत्सवाला 'रजेचा सण' म्हणून हिणविणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे. तिथी पुढेमागे झाल्याने धर्म बुडत नाही. त्या मुभेतही तीन महिने मात्र पुरे करावयाचे असतात, हे महोत्सवाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही विसरू नये.

वर्षावासात गावोगावच्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमवार वाचन करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली आहे. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मोठा आहे, सोपा नाही, आणि रोज थोडा वाचला तरच तीन महिन्यांत पुरा होतो. या वाचनाला मुंबई शाखा नसते. बौद्धाचार्य नोकरीच्या गावी असला तर तोही नसतो. मग जो कोणी वाचू शकतो तो वाचतो. आणि कोकणातील वाडीत आज जो कोणी उरला आहे तो म्हणजे बहुधा स्त्रिया, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. दिवसभर लावणीत वाकलेल्या बायका जेवणे आटोपून विहारात येतात. आठवीनववीतली मुलगी वाचते. 'प्रतीत्यसमुत्पाद' या शब्दावर ती अडखळते, कोणाला त्याचा अर्थ नीट सांगता येत नाही, आणि वाचन पुढे चालते. वीज गेली तर मेणबत्ती लागते. या बैठकीला येणाऱ्यांची संख्या कधी पंचवीस असते, कधी पाच.

मुंबई शाखांच्या जमाखर्चाच्या वह्या उघडल्या तर मंडप, भोजन, वाद्ये, पत्रिका, पाहुण्यांचा प्रवास या सदरांखाली जी रक्कम पडते तिच्या मानाने या तीन महिन्यांच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. खर्च मोठा नाही. मोठ्या टायपातील ग्रंथाच्या दोनतीन प्रती, कठीण शब्दांचा अर्थ लिहिलेली एक वही, एक बऱ्यापैकी दिवा, आणि महिन्यातून एकदा येऊन अडलेले समजावून देणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढे मिळाले तरी पुष्कळ होईल. राजापूर तालुक्यात निवृत्त शिक्षकांना तोटा नाही. त्यांतील अनेकांना मेच्या व्यासपीठावर शाल व श्रीफळ मिळालेले आहे.

आश्विन पौर्णिमेला वाचन संपते. त्या वेळी शेतात भात पिकलेले असते आणि कापणीची घाई असते, म्हणून काही ठिकाणी समाप्तीही एखाद्या रविवारी ढकलली जाते. जेथे भिक्षूने वर्षावास केलेला असतो तेथे पुढे महिन्याभरात कठिन चीवरदानाचा विधी होतो. वाडीत भिक्षू नसल्याने तो होत नाही. वंदना होते, शेवटचे पान वाचले जाते, खीर वाटली जाते. या समारंभाची पत्रिका छापलेली नसते. ग्रंथ पुरा झाला एवढे मुंबईला दूरध्वनीवरून कळविण्यात येते, आणि चिटणीस दक्ष असला तर पुढल्या मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याची एका ओळीत नोंद होते.